नवीन राउटर विंडोज ७ च्या जुन्या कंप्युटरला चालेल का?

तुमचा प्रश्न असा की घरी फायबरचा नवीन राउटर घेतलाय, खोक्यावर विंडोज १०/११ लिहिलंय आणि वडिलांचा कंप्युटर अजून विंडोज ७ वर आहे, तर चालेल का. चालेल हो. तुमच्याकडे कुठली विंडोज आहे याच्याशी राउटरला काही देणंघेणंच नसतं. खोक्यावरची ती ओळ बहुतेक वेळा सेटअपच्या सॉफ्टवेअरसाठी असते आणि ते सॉफ्टवेअर तसंही कोणी वापरत नाही, मोबाईलवरून सगळं होतं.

कंप्युटर राउटरजवळ असेल तर सरळ लॅन केबल लावा, विषय संपला. राउटरचा पोर्ट १००० एमबीपीएसचा आणि तुमच्या कंप्युटरमधलं नेटवर्क कार्ड १०० चं असलं तरी दोघं आपापसात स्पीड ठरवून घेतात, अगदी जुनी विंडोज एक्सपी असली तरी नेट चालू होतं.

खरी गंमत वायफायची. माझ्या मामाचं इचलकरंजीला हार्डवेअरचं दुकान आहे, बिलिंगचा लॅपटॉप विंडोज ७ वाला, नवीन राउटर बसवला आणि त्याला आजूबाजूच्या सगळ्या दुकानांचं वायफाय दिसतंय पण आपलंच दिसत नाही! बसवायला आलेला पोरगा म्हणाला, "काका, आता हा भंगारात द्या." मी गेलो, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ म्हणजे राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं (लॉगिन राउटरच्या खाली स्टिकरवर असतं), बघतो तर मोड एएक्स म्हणजे वायफाय ६ वर. जुन्या ड्रायव्हरच्या काही कार्डांना एएक्सचं नेटवर्क ओळखताच येत नाही, म्हणून ते यादीतच येत नाही. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडला मोड बी/जी/एन म्हणजे जुन्या वायफायचा केला, नाव दिसायला लागलं. पण कनेक्ट होईना, कारण वायफायच्या पासवर्डची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारची होती आणि विंडोज ७ ला ती कळत नाही, विंडोज १० मध्येसुद्धा ती २०१९ च्या १९०३ व्हर्जनपासून आली. तिथे आधीची डब्ल्यूपीए२ एईएस केली आणि लागलं. मामी म्हणाली, "एवढंच होतं होय?" एवढंच होतं.

आणखी एक, जुनं कार्ड फक्त २.४ वालं असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याला कधीच दिसणार नाही. राउटरमधलं स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाने दाखवणारी सेटिंग) बंद करून दोन्हीला वेगळी नावं द्या म्हणजे गोंधळ होत नाही. एक्सपी असेल तर सर्व्हिस पॅक ३ पाहिजे, डब्ल्यूपीए२ त्यात आहे. पण जुन्या मशीनसाठी म्हणून डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कमजोर सिक्युरिटी लावत बसू नका, सिक्युरिटी जाते ती जातेच आणि वर सगळ्या घराच्या मोबाईलचा स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, मग घरचे तुमच्याच नावाने बोंब मारणार.

कार्डच नसेल आणि यूएसबी डोंगल घेणार असाल तर मात्र खोक्यावरची विंडोजची ओळ नीट वाचा. राउटरला विंडोज लागत नाही, डोंगलला ड्रायव्हर लागतो आणि वायफाय ६ ची बरीच नवीन डोंगल फक्त १० आणि ११ लाच चालतात. विंडोज ७ साठी साधं एन (वायफाय ४) वालं डोंगल बघा, स्वस्तही पडतं.

आता कनेक्ट झालं, सिग्नल फुल आहे पण साइट उघडत नाहीत असं झालं तर राउटरला शिव्या घालू नका, तो बऱ्याचदा ब्राउझरचा प्रॉब्लेम असतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, क्रोमची तिथे चालणारी शेवटची व्हर्जन १०९, एक्सपीवर तर ४९ लाच गाडी थांबली, त्यामुळे नवीन साइट सर्टिफिकेटचा एरर देतात. वडिलांना पत्ते खेळू दे, टायपिंग करू दे, पण बँकेचं काम त्या कंप्युटरवर नको, ते मोबाईलवरच करा.

लावून बघा, नाहीच लागलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली कार्डाचं काय नाव येतंय ते इथे टाका, बघून सांगतो.