उसगाळीमळची कातळशिल्पे नेमकी किती जुनी, आणि प्रत्येक लेखात वेगळा आकडा का?

गोव्याच्या सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर कोरलेली ही शिल्पे स्थानिकांना आधीपासून परिचित होती. अभ्यासकांचे लक्ष तिकडे 1993 मध्ये गेले. आकड्यांतील तफावतीचे मूळ पुराव्यातच आहे. वय मोजण्याच्या रेडिओकार्बन पद्धतीला कोळसा, हाड, लाकूड असा सेंद्रिय अवशेष लागतो आणि उघड्या कातळावरच्या रेषेत तो नसतो. त्यामुळे बैलांच्या आकृती, समकेंद्री वर्तुळांसारखा चक्रव्यूह यांची शैली इतरत्र सापडलेल्या चित्रांशी जुळवून किंवा परिसरातील दगडी हत्यारांचा आधार घेऊन काळ सुचवला जातो. परंतु हत्यार जवळ सापडले, म्हणजे ते वापरणाऱ्यानेच शिल्प कोरले, असे सिद्ध होत नाही. शिवाय एकाच कातळावर वेगवेगळ्या पिढ्यांनी कोरलेले असू शकते. म्हणून ‘वीस हजार वर्षे’ असा ठाम आकडा दिसला, की तो कोणत्या वस्तूच्या, कोणत्या चाचणीतून आला, हे आधी विचारावे.

मला अधिक खटकते ती प्रकाशनाची पद्धत. निष्कर्ष छापले जातात, पण मूळ मोजमापे, रेखांकने आणि छायाचित्रे वाचकाच्या हाती क्वचितच पडतात, आणि महागड्या इंग्रजी नियतकालिकातला लेख तिथल्याच रिवण गावच्या शिक्षकापर्यंत पोहोचतच नाही. ही सामग्री लेखासोबतच मुक्तपणे, मराठी-कोंकणी सारांशासह द्यायला हवी. जांभा पावसाने झिजत असल्याने आजची काळजीपूर्वक केलेली नोंद उद्याच्या अभ्यासकाला पुन्हा घेता येईलच, असे नाही.