शेक संपल्यानंतरचा रक्तस्राव आणि दाबाखालचा प्राणवायू

प्रश्न : माझ्या सासूबाईंना सात वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शेक (किरणोपचार) दिले होते. रोग बरा झाला, पण वर्षभरापासून लघवीतून अधूनमधून रक्त जाते. डॉक्टरांनी हायपरबॅरिक ऑक्सिजन सुचवला आहे. घरात कोविडच्या वेळचे ऑक्सिजनचे यंत्र आहे, त्यावर भागणार नाही का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्यावर भागणार नाही. फुप्फुसे धडधाकट असतील तर साध्या हवेतही रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते, त्यामुळे नाकाला नळी लावून फारशी भर पडत नाही. हायपरबॅरिक उपचारात बंद कक्षात हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करून शुद्ध प्राणवायू दिला, की तो थेट रक्तद्रवात विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, तो तिथे चार-पाच मिलिलिटरपर्यंत जातो. किरणांमुळे मूत्राशयातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे आक्रसत जातात आणि उपाशी पडलेले अस्तर झिरपू लागते; वाढलेल्या प्राणवायूमुळे तिथे नव्या वाहिन्या फुटण्यास चालना मिळते. हे काम सावकाश होते, म्हणूनच रोज सुमारे दीड तास, अशा ३० ते ४० बैठका लागतात.

सगळ्याच अवयवांना सारखा गुण येतो, असे मात्र सांगता येत नाही. मूत्राशयाच्या तक्रारींत लाभ होतो, असे उत्तर युरोपातील देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. आतड्याच्या जुनाट तक्रारींबाबत २०१६ च्या ब्रिटिश चाचणीत तसा लाभ आढळला नाही. सासूबाईंचा त्रास पहिल्या प्रकारचा असल्याने डॉक्टरांचा सल्ला मला रास्त वाटतो.

त्याआधी दुर्बिणीने मूत्राशय तपासून रक्तस्राव किरणांमुळेच आहे, कर्करोग उलटलेला नाही, याची खात्री झालेली असावी. फुप्फुसाचा जुना विकार, फिट येणे किंवा पूर्वी ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचे औषध दिलेले असणे, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. कक्षात विमानातल्यासारखे कानात दडे बसतात आणि काही आठवडे दूरचे धूसर दिसू शकते, याची कल्पना सासूबाईंना आधीच द्यावी. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही संकोच न करता बोलावे; असली दुखणी आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रिया फार काळ मुकाट्याने सोसतात. मधल्या काळात रक्ताच्या गाठींनी लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.