पहिल्या गृहभेटीला निघण्याआधी

बालसंरक्षणाच्या कामात नवे असाल, तर मुलाच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या फॉर्म बाहेर काढू नका. आधी बसा, मुलाला नावाने हाक मारा, आणि दिवस कसा जातो ते विचारा: सकाळी कोण उठवतं, जेवण कधी होतं, रात्री मूल कुणाजवळ झोपतं. "काही अडचण आहे का?" याला बहुतेक जण "नाही" म्हणूनच मोकळे होतात.

नव्यांच्या हमखास चुका:

- गरिबीला हेळसांड समजणं. डबा रिकामा असला म्हणजे आईबाप बेफिकीर असतात असं नाही. तिथे आधी मदत लागते.
- "कुणाला सांगणार नाही" असं मुलाला वचन देणं. मारहाण किंवा अत्याचार कळला तर कळवावंच लागतं. तसं आधीच सांगा.
- तीच हकिकत पुन्हा पुन्हा वदवून घेणं. ऐका, त्याच्याच शब्दांत लिहा, जास्त खोदू नका.
- पाळता न येणारी वेळ देणं. येतो म्हणून न आलेली मोठी माणसं या मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

कायद्याचे बारकावे नंतर. सध्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२, म्हणजे मुलाचं म्हणणं ऐकून घेणं, एवढं पुरे. नोंद मात्र त्याच दिवशी करा, आणि 'पाहिलं' व 'वाटलं' वेगवेगळं लिहा.