शनीचे गोचर आणि गायीचे कुरण

नागपूरच्या धरमपेठेतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘शनीचे गोचर झाले’, ‘गुरूचे गोचर आत्मविकासाला अनुकूल आहे’, ‘हे गोचर हीलिंगचे आहे’ अशी वाक्ये हल्ली सतत कानांवर पडतात. त्यांतील ‘गोचर’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो ‘गोचर’ लिहावा की ‘गोचार’, आणि माणसाच्या मनाच्या वाढीशी किंवा बरे होण्याशी या शब्दाचा मुळात काही संबंध आहे काय.

‘गोचर झाले’ हा प्रयोगच चुकीचा आहे, आणि तो रोज ऐकून मी त्रासलो आहे. शनी २९ मार्च २०२५ रोजी कुंभेतून मीनेत गेला. या घटनेसाठी मराठीत राशिप्रवेश आणि राश्यंतर असे दोन स्वच्छ शब्द आहेत. मीनेत शिरल्यानंतरचा शनीचा जो वावर, तो गोचर. हा फरक किती कामाचा आहे, हे शनीच्या आधीच्या राशीवरूनच दिसते: २९ एप्रिल २०२२ रोजी तो मकरेतून कुंभेत गेला, वक्री असताना १२ जुलैला पुन्हा मकरेत आला आणि १७ जानेवारी २०२३ रोजी परत कुंभेत शिरला. नऊ महिन्यांत राश्यंतरे तीन झाली. त्या प्रत्येकाला ‘गोचर झाले’ म्हणत गेल्यास ऐकणाऱ्याला शनी कुठे आहे हेच कळणार नाही. (वक्री ग्रह खरोखर उलटा फिरत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. सूर्याभोवती अधिक वेगाने जाणारी पृथ्वी शनीला मागे टाकते, तेव्हा तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो, आणि शनीच्या बाबतीत हे दर वर्षी सुमारे साडेचार महिने चालते.)

आपल्याकडील जुने ज्योतिषी ‘शनी गोचरीने बारावा आहे’ असे म्हणत, म्हणजे जन्मराशीपासून बाराव्या राशीत आहे. त्या ‘गोचरीने’ या रूपात स्थान आहे, घटना नाही. ‘गोचर होणे’ ही हिंदीची सावली आहे, आणि नागपुरात ती लवकर पडते, कारण १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते. तरीही हिंदीचे एक ऋण मान्य केलेच पाहिजे. आपण जो मूळ अर्थ विसरलो आहोत, तो तिने ‘गोचर भूमि’ या शब्दात जिवंत ठेवला आहे. गोचर भूमि म्हणजे गावाची गुरे चरण्यासाठी राखलेली जमीन, आपले गायरान.

या प्रश्नाचे उत्तर लिहिण्याचा खरा आनंद या गायरानातच आहे. पाणिनीने गोचर, संचर, वह, व्रज, व्यज, आपण आणि निगम या सात शब्दांसाठी एक वेगळे सूत्र केले आहे (३.३.११९), आणि त्याची उकल करताना काशिकाकार, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या टीकेचे कर्ते, म्हणतात, ‘गावश्चरन्त्यस्मिन्निति गोचरः’, म्हणजे जिथे गायी चरतात तो गोचर. शब्द अधिकरणवाचक आहे. तो जागा सांगतो. पुढे ही जागा गायीपुरती उरली नाही. कठोपनिषदात ‘इन्द्रियाणि हयानाहुर्विषयांस्तेषु गोचरान्’ असे वचन आहे: इंद्रिये हे घोडे आणि विषय ही त्यांची फिरण्याची कुरणे. गायीचा शब्द तिथे घोड्यांना लागला आहे आणि कोणालाही खटकलेला नाही, इतका तो तोवर रुळला होता. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘पञ्च चेन्द्रियगोचराः’ येते, आणि अमरकोशाने तर रूप, शब्द, गंध, रस व स्पर्श यांना सरळ ‘गोचर’ हेच नाव देऊन टाकले. आपले दृग्गोचर, अगोचर हे शब्द याच वाटेने आले. ते सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यावर अधिक लिहीत नाही.

ज्योतिषात हा शब्द कोणत्या वाटेने आला, यावर मात्र दोन मते फिरत असतात आणि ती दोन्ही मला अमान्य आहेत. पहिले मत असे की, ‘गो’ म्हणजे ग्रह किंवा तारा आणि ‘चर’ म्हणजे चालणे, म्हणून गोचर म्हणजे ग्रहांचे चालणे. हे सांगणाऱ्यांनी अमरकोशाचा नानार्थवर्ग उघडून पाहावा. ‘स्वर्गेषुपशुवाग्वज्रदिङ्नेत्रघृणिभूजले’ या एका ओळीत ‘गो’चे दहा अर्थ दिले आहेत: स्वर्ग, बाण, पशू, वाणी, वज्र, दिशा, डोळा, किरण, भूमी आणि पाणी. त्यांत ग्रह नाही आणि तारा नाही. यावर कोणी ऋग्वेदातील ‘यत्र गावो भूरिशृङ्गा अयासः’ ही ऋचा पुढे करून त्या अनेक शिंगांच्या गायी म्हणजे तारे असे म्हणतात. पण वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काने त्या गायींचा अर्थ किरण असा केला आहे. शिवाय तारे मानले, तरी कवीने आधी त्यांना गायी म्हटले, तेव्हाच ते आकाशात चरू लागले. गाय टाळून हा शब्द सोडवता येत नाही.

दुसरे मत अधिक विद्वान आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. त्यानुसार गोचर म्हणजे इंद्रियगोचर, डोळ्यांना दिसणारे. जन्मकुंडली कागदावर स्थिर असते आणि आज आकाशात प्रत्यक्ष दिसणारी ग्रहस्थिती ती गोचर. ऐकायला हे पटते. परंतु राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते बिंदू आहेत, ते कधीही कोणालाही दिसलेले नाहीत, आणि तरी प्रत्येक ज्योतिषी त्यांचे गोचर सांगतो. सूर्याच्या सान्निध्यात अस्तंगत झालेला गुरू आठवडेच्या आठवडे दिसत नाही, पण म्हणून त्याचे गोचर खंडित होत नाही. दिसणे ही या शब्दाची अट असती, तर हे दोन्ही प्रयोग संभवलेच नसते.

माझे मत असे आहे की हा शब्द थेट गुराख्याकडून आला, आणि तो एकटा आला नाही. ‘राशी’ हा शब्द पाहा. त्याचा पहिला अर्थ ढीग. खळ्यावर मळून उफणलेल्या धान्याच्या ढिगाला आपण आजही ‘रास’च म्हणतो. आता भागवताच्या पाचव्या स्कंधाचा तेविसावा अध्याय पाहा. मळणीच्या खळ्यात मेढीच्या खांबाला बांधलेली जनावरे जशी आपापल्या जागेनुसार वर्तुळे चरतात, तसे नक्षत्रांचे आणि ग्रहांचे समूह कालचक्राला जोडलेले असून ध्रुवाच्या आधाराने फिरतात, असे तिथे सांगितले आहे, आणि क्रियापद ‘चरन्ति’ हेच आहे. मेढी म्हणजे आपला तिवडा. आकाशाच्या मध्ये तिवडा, त्याभोवती फिरणारी जनावरे, बारा राशी, आणि प्रत्येकाच्या चरण्याची जागा तो गोचर: हे सगळे शब्द एकाच शिवारातले आहेत. आमच्या विदर्भात गावाची ढोरे सकाळी आखरावर जमतात आणि ढोरकी त्यांना तिथून रानात नेतो. ज्याने हे रोज पाहिले, त्याला शनी एका राशीत अडीच वर्षे का रेंगाळतो हे सांगण्यासाठी दुसरा शब्द शोधावा लागला नसेल. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास लागतात, म्हणून एका राशीला अडीच वर्षे आणि तीन राशींची साडेसाती. ‘शनैश्चर’ या त्याच्या नावातही तेच ‘चर’ आहे: सावकाश चरणारा.

या मताला वराहमिहिरासारखा साक्षीदार मिळतो, हे मला फार मोलाचे वाटते. सहाव्या शतकातील त्याच्या बृहत्संहितेत आदित्यचार, चंद्रचार, राहुचार, भौमचार अशी प्रकरणे ओळीने येतात आणि ती शनैश्चरचारापर्यंत जातात. त्यांत ग्रहांची गती आहे, आणि तिची फळे पाऊस, पीक, राजे व देश यांना लागतात. त्याच ग्रंथात पुढे ग्रहगोचर नावाचे वेगळे प्रकरण आहे, आणि त्यात जन्मकाळच्या चंद्राच्या राशीपासून ग्रह कितवा आहे हे मोजून एकेका माणसाला फळ सांगितले आहे. म्हणजे ग्रहाच्या चालण्याला ‘चार’ हा शब्द असताना वराहमिहिराने माणसापाशी आल्यावर शब्द बदलला. चार हा ग्रहाचा. गोचर हे तुमच्या चंद्रापासून मोजलेले त्याचे कुरण. म्हणूनच ‘शनीचे गोचर’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. कोणापासून कितवे, हे सांगितल्याशिवाय तो शब्द पुरा होत नाही.

विचारणाऱ्या भगिनींच्या प्रश्नातील आत्मविकासाचा भाग येथून सुटू लागतो. जुनी गोचरफळे धन, आरोग्य, प्रवास, शत्रू, मानमरातब यांची आहेत. चंद्रापासून तिसरा, सहावा व अकरावा शनी चांगला, आणि दुसरा, पाचवा, सातवा, नववा व अकरावा गुरू चांगला, एवढ्यावर ती थांबतात. मनाची वाढ हा त्यांचा विषय नाही, आणि आजच्या भविष्यकथनातील ती भाषा बाहेरून आलेली आहे. परंतु तिला ‘गोचर’ या शब्दात जागा नाही असे मात्र मुळीच नाही. तिची खरी जागा ज्योतिषात नसून पालीत आहे, आणि ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली, तेथील वाचकाला तरी ही कथा ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. संयुत्त निकाय या बौद्ध पाली ग्रंथातील सकुणग्घि सुत्तात एक लावा पक्षी आपले गोचर सोडून परक्या जागेत जातो आणि ससाणा त्याला पकडतो. लावा रडत म्हणतो, मी आज माझ्या वडिलोपार्जित गोचरात असतो, तर हा मला भारी पडला नसता. तुझे गोचर कोणते, असे ससाणा विचारतो. लावा सांगतो: नांगरलेल्या शेतातील ढेकळांची जागा. ससाणा गर्वाने त्याला सोडतो. लावा एका मोठ्या ढेकळावर उभा राहून त्याला आव्हान देतो, आणि ससाणा झेपावताच ढेकळामागे सरकतो. ससाण्याची छाती त्या ढेकळावर फुटते. बुद्ध भिक्षूंना सांगतात, ‘गोचरे, भिक्खवे, चरथ सके पेत्तिके विसये’, आपल्याच गोचरात चरा; आणि ते गोचर म्हणजे काया, वेदना, चित्त व धम्म यांवर जागे राहण्याची चार सतिपट्ठाने. मनाच्या वाढीसाठी ज्यांना हा शब्द हवा आहे, त्यांनी तो येथून घ्यावा. येथे चरणारा ग्रह नाही, आपण स्वतः आहोत, आणि कुरण आपल्याला निवडता येते.

जैन परंपरेतील अर्थही याला जवळचा आहे. इतवारीत एखाद्या जैन कुटुंबात ‘महाराज गोचरीला आले आहेत’ असे वाक्य सहज ऐकू येईल. मुनींनी घरोघर थोडेथोडेच अन्न घ्यायचे, गाय जशी गवत मुळासकट न उपटता वरवरचे खाते तसे, म्हणून ती गोचरी. आपल्या ज्योतिषांच्या ‘गोचरीने’ या रूपातील ‘ई’कार याच ‘गोचरी’चा असावा, असे मी मानतो. कोशकारांनी या दोन शब्दांना शेजारी ठेवून पाहायला हवे होते.

राहिले ‘हीलिंग’. गोचराला हा अर्थ चिकटवू नये, कारण त्याचे शब्द ‘ग्रह’ या नावाभोवती आधीच जमलेले आहेत. ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मुलांना पछाडणारे स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादी नऊ बालग्रह सांगितले आहेत, आणि ते आकाशातले नव्हेत, रोगाचे आहेत. जो पकडतो त्याच्या तावडीतून बरे होणे म्हणजे सुटणे, आणि मराठीने हे क्रियापद अचूक उचलले: ग्रहण लागते आणि सुटते, पीडा लागते आणि सुटते, साडेसाती लागते आणि उतरते. ग्रहणाच्या वेळी गल्लीगल्लीतून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही हाक येत असे. त्या गिऱ्हाणात ग्रहण आहे आणि त्या ‘सुटे’मध्ये बरे होण्याची सगळी इच्छा आहे. एवढे बळकट क्रियापद घरात असताना ‘हा काळ हीलिंगचा आहे’ असे म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. ‘या काळात सुटका होईल’ म्हणावे; ते आजीलाही कळेल आणि नातीलाही.

आणि ‘गोचार’ लिहू नये. चर् धातूपासून ‘घञ्’ प्रत्ययाने ‘चार’ होतो, तसाच ‘गोचार’ झाला असता. तो होऊ नये म्हणूनच पाणिनीने वर दिलेल्या सूत्रात ‘घ’ प्रत्यय सांगून ‘गोचर’ हे रूप राखले आहे. ग्रहचार, शनिचार हे दीर्घ ‘चा’ने लिहावेत, गोचर ऱ्हस्व ‘च’ने.