संपर्क 'तुटला' की 'समोरून तोडला गेला'?

नाशिकमधल्या सातपूरच्या एका प्रोग्रामरचा प्रश्न : सर्व्हरशी कनेक्शन झाले नाही की आमचा प्रोग्राम दरवेळी 'जोडणीत त्रुटी' एवढेच दाखवतो. हे मराठी बरोबर आहे का?

व्याकरणाने बरोबर, पण वाचणाऱ्याला चकवणारे. नाशिककराला 'जोडणी' म्हटले की नळजोडणी, वीजजोडणी आठवते. 'त्रुटी' म्हणजे उणीव. अर्जात त्रुटी निघाली म्हणजे एखादा कागद राहिला. मग बिचारा आपले काय भरायचे राहिले ते शोधत बसतो. 'संपर्क' घ्या, मोबाइलमुळे तो सगळ्यांच्या कानावर आहे.

खरी मेख क्रियापदात आहे. गोदावरीला पूर आला की 'सायखेडा-चांदोरीचा संपर्क तुटला' अशी बातमी येते. तिथे कोणी काही तोडलेले नसते. कनेक्शन रिसेट होते तेव्हा मात्र पलीकडून रिसेटचे पॅकेट (संपर्क बंद करा असे सांगणारा माहितीचा छोटा तुकडा) आलेले असते, म्हणून 'संपर्क समोरून तोडला गेला'. कनेक्शन रिफ्यूज्डमध्येही बहुधा तेच पॅकेट येते, पण सुरुवातीलाच, कारण त्या पोर्टवर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नसते. तिथे 'संपर्क समोरून नाकारला गेला'. 'सर्व्हरने नाकारला' लिहू नका. मधला फायरवॉलही (ये-जा तपासणारा पहारेकरी) असे उत्तर देऊ शकतो. 'समोरून' हा शब्द दिशा सांगतो, कर्ता सांगत नाही, आणि आपल्या प्रोग्रामला तेवढेच ठाऊक असते. मराठीची ही सोय मला फार मोलाची वाटते.

टाइम्ड आउटला (वाट पाहूनही उत्तर न येणे) 'मुदत संपली' नको, ते विम्याच्या पॉलिसीसारखे वाटते. इथे होकारही नाही, नकारही नाही. लिनक्स मूळ सेटिंगवर पहिले पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि दोन मिनिटांहून थोडी जास्त वाट पाहतो. तुम्ही स्वतः मर्यादा घातली असेल तर आकडाच द्या : '१० सेकंदांत उत्तर आले नाही'.

पूर्ण ओळ अशी हवी : '१०.०.०.५, पोर्ट ५४३२ : संपर्क समोरून नाकारला गेला (ईकॉनरिफ्यूज्ड, १११)'. कंसात त्या चुकीला प्रणालीने दिलेले नाव आणि आकडा. नुसता आकडा पुरत नाही. हीच चूक लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१. शिवाय सी भाषेत कॉल फसताच एररनो, म्हणजे झालेल्या चुकीचा क्रमांक, वेगळ्या चलात जपून ठेवा. आधी क्लोज किंवा लॉगचे फंक्शन चालवले तर तो बदलू शकतो आणि भलताच संदेश छापला जातो. नावावरून पत्ता शोधणारे गेटॲड्रइन्फो हे फंक्शन मात्र आपला कोड स्वतः परत करते, त्याचा मजकूर गाय-स्ट्रएरर या दुसऱ्या फंक्शनकडून घ्यावा लागतो. तिथे 'संपर्क' शब्दही नको, कारण अजून कोणाला हाकच मारलेली नाही : 'या नावाचा पत्ता सापडला नाही'.