कन्सोलचं नंतर बघू

'मुलगा बारावी कॉमर्सला आहे. डीजे व्हायचं म्हणतो, तेही 'हिप हाउस' का कायसं. गाणी मिसळून वाजवायचा दीड लाखाचा कन्सोल मागतोय. आमच्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती. काय करावं?'
– एक वडील, सांगली

नमस्कार,

त्या भिंती आधी डोक्यातून काढा. मुलगा म्हणतोय ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो-न्यू यॉर्ककडे वाढलेलं संगीत आहे. 'हाउस' म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. मिनिटाला साधारण १२० ते १२५ ठोक्यांचा त्याचा ठेका आणि त्यावर रॅप. शिकागोचे फास्ट एडी आणि टायरी कूपर यातले मुरलेले गडी. दोघे डीजे होतेच, पण ट्रॅकही स्वतः बनवायचे.

इथंच खरी मेख आहे. वाजवणाऱ्याला त्या रात्रीची बिदागी मिळते. बनवणाऱ्याला ट्रॅक वाजेल तोवर मिळू शकतं, कागद पक्का असेल तर. न्यू यॉर्कच्या टॉड टेरीनं रॉयल हाउस या नावानं 'कॅन यू पार्टी' काढलं. १९८८ मध्ये त्याच ट्रॅकवर रॅप करून जंगल ब्रदर्स या रॅप गटानं आपलं गाणं गाजवलं. एका ठेक्यावर दोन गाणी उभी राहिली!

आता १९८९ चं 'पंप अप द जॅम' मुलाबरोबर बसून बघा. बेल्जियमचा निर्माता जो बोगार्ट याच्या 'टेक्नोट्रॉनिक' या गटाचं हे गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेलं. व्हिडिओत ओठ हलवते ती फेली नावाची मॉडेल. आवाज मात्र 'या किड के' नावाच्या रॅपर मुलीचा. मुलाला विचारा, यात तू कोण आणि तुझं नाव कुठं छापलंय? उत्तर देताना तो अडखळला, तर करार वाचायला शिकणं हा त्याचा पहिला धडा.

म्हणून बी.कॉम. सोडू नये. नुसत्या हिप हाउसवर पोट भरेल असं मी म्हणणार नाही. लग्नाचे संगीत, जाहिरातींचे ट्रॅक हेही करावं लागेल, आणि त्यात कमीपणा नाही. जीएसटी, बिलं, उधारी हे सगळं तिथंही आहेच. स्वतःच्या रचना बाजारात आल्या की आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं, संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था तीच.

दीड लाख आत्ता घालू नका. घरातला लॅपटॉप, बरे हेडफोन आणि एक सॉफ्टवेअर एवढ्यावर सहा महिन्यांत तीन ट्रॅक शेवटापर्यंत न्यायला सांगा. सुरुवात सगळेच झोकात करतात, चौथ्या मिनिटापर्यंत फार थोडे पोचतात. तिसरा झाला की मला पाठवा, कन्सोलचं तेव्हा बोलू.