तुमचे प्रश्न : रेकॉर्डिंगमागची घरघर कशी थांबवू?

प्रश्न : मी झरी-जामणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली-दुसरीत कोलामी बोलणारी मुलं आहेत. त्यांच्या आज्यांकडून ऐकलेल्या गोष्टी मी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवते. प्रोसेसर आय५-१२४०० आहे, त्याला गार ठेवणारा कूलर त्याच्यासोबत आलेलाच, आणि कॅबिनेटला पुढे रंगीत दिव्यांचा एक फॅन आहे. मार्च लागला की प्रत्येक गोष्टीमागे घरघर ऐकू येते. महागातला, आवाज न करणारा फॅन घ्यायची तयारी आहे. कोणता घेऊ?

उत्तर : ताई, पोरांना त्यांच्या भाषेतली गोष्ट स्वच्छ ऐकू आलीच पाहिजे. तुमचं पत्र म्हणूनच सगळ्यात आधी घेतलं. पण पैसे काढण्याआधी आवाज नेमका कोणाचा, ते शोधा.

पांढरकवड्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ‘नवीन कूलर बसवून द्या’ म्हणून येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये कूलर बिचारा धड असतो. पहिला संशय तुमच्या दिव्यांच्या फॅनवर. स्वस्त कॅबिनेटमधले असे फॅन बरेचदा मदरबोर्डला न जोडता थेट एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स वायरला जोडलेले असतात. मग काम असो नसो, ते कायम पूर्ण वेगाने फिरतात. मशीन बंद करा, प्लग काढा, त्या फॅनची वायर सोडवा आणि कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून चालू करा. दहा-पंधरा मिनिटं त्याच्याविना काही बिघडत नाही. (प्रोसेसरच्या फॅनची वायर मात्र काढायची नाही.) घरघर गेली तर चोर सापडला.

नाही गेली, तर प्रोसेसरच्या कूलरकडे बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो, गावात जिनिंग सुरू असते, त्याआधी सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडून गेलेला असतो. फॅनच्या वरून पाहिलं तर धूळ थोडीशीच दिसते. फॅन उचलला, की खाली हीटसिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींवर तंतूंचा राखाडी थर बसलेला असतो. नखाने एका कडेला धरला, की अख्खा सुटून येतो. त्याच्यातून हवा जाणार कुठून? प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड फॅनला आणखी पळवतो, आणि आपण फॅनला दोष देतो. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने फॅन वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. सोबत आलेल्या कूलरला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चार पुश-पिनांपैकी एखादी उचकटलेली नाही ना, तेही बघून घ्या. एक पिन सुटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. कूलर काढलाच, तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) पुसून मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा.

आता उन्हाळ्याचं. कोणताही हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २२ अंशांवर असताना ६५ अंश दाखवणारं मशीन मे अखेरच्या नवतप्यात ४२ अंशांच्या खोलीत, तेच काम करताना, त्याच फॅनवर ८५ च्या आसपास जाणार. थंड देशातल्या लोकांचे आकडे बघून घाबरू नका. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, त्याआधी तो स्वतःच वेग कमी करून सांभाळून घेतो. बरेच मदरबोर्ड मात्र ७०-७५ ला फॅन जोरात सोडतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन फॅनचा आलेख स्वतः आखा. ६५ अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ८० ला ६० टक्के, ९० च्या वर पूर्ण. प्रतिसादाचा वेळ वाढवता येत असेल तर वाढवा. एकसारखा हलका आवाज कानाला सवयीचा होतो, दर मिनिटाला चढणारा-उतरणारा होत नाही, आणि रेकॉर्डिंगमधून असा चढता-उतरता आवाज काढणंही अवघड जातं. त्याच ठिकाणी वीजमर्यादा ६५ वॅटवर ठेवा. हा प्रोसेसर जोर लावला की ११७ वॅटपर्यंत खातो. आवाज रेकॉर्ड करायला त्यातला चतुर्थांशही लागत नाही.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तरच खरेदी. सोबतच्या कूलरला हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) नाहीत, हीटसिंक लहान आणि फॅनही लहान, म्हणून त्याला पळावंच लागतं. फॅनचा वेग निम्मा केला, की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे शांतता हवी तर हीटसिंक मोठा आणि फॅन सावकाश फिरणारा हवा. १२० मिलिमीटर फॅनचा उभा टॉवर कूलर घ्या. डीपकूलचा एके४०० तुमच्या कामाला पुरून उरतो. त्याला चार हीटपाइप आहेत आणि फॅन ५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ५०० फेरे) खाली येतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे कूलर फार सुरेख असतात, मलाही आवडतात, पण ६५ वॅटसाठी मी तुम्हाला तेवढा खर्च करू देणार नाही. उरलेल्या पैशांत चांगला माइक येईल.

घेण्याआधी पट्टी लावून मोजा. एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर आहे, अरुंद कॅबिनेटचं झाकण त्याच्यावर बसत नाही. एलजीए १७०० ला (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटला) चालतो असं खोक्यावर लिहिलेलं पाहा. आधीच्या पिढीच्या बोर्डांवर कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, तुमच्या बोर्डावर ते ७८ आहे. कोणी जुना कूलर फुकट दिला तरी बसेलच असं नाही.

पुढचा फॅन बदलायचा तर चार पिनांचा पीडब्ल्यूएम (मदरबोर्डला वेग कमी-जास्त करता येतो असा) घ्या आणि मदरबोर्डला जोडा. आर्क्टिकचा पी१२ चांगला आहे, २०० ते १८०० आरपीएममध्ये चालतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या फॅनमधलं तेल आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं आणि तो खरखरायला लागतो, म्हणून खोक्यावर फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग लिहिलेलं बघा. पुढच्या बाजूला बंद काच किंवा पत्रा असलेल्या कॅबिनेटमध्ये मात्र कितीही चांगला फॅन घुसमटतो. तिथे जाळीच हवी, आणि जाळीच्या आत धुवून काढता येणारा फिल्टर. कापसाच्या दिवसांत तो दर आठवड्याला झटका.

जागेचंही तेवढंच महत्त्व आहे. कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीपासून वीतभर दूर, पाटावर ठेवा. माइकची पाठ त्याच्याकडे करा. खोलीतला मोठा कूलर रेकॉर्डिंगला तुम्ही बंद करत असालच, पण एरवीही त्याचा झोत कॅबिनेटवर नको. ताटीतून उडणारे बारीक थेंब आणि पाण्यातले क्षार बोर्डाचं नुकसान करतात. आणि लाइट गेल्यावरच गुणगुण येत असेल तर तो इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर छताचा पंखाही गुणगुणतो. लाइट असताना रेकॉर्ड करा. पहाट सगळ्यात बरी, तेव्हा खोलीही थंड असते.

प्रश्न : वरूडहून लिहितो. गेमिंगसाठी नवा कॉम्प्युटर जोडतोय. वॉटर कूलिंग केलं की अजिबात आवाज येत नाही, हे खरं का?

उत्तर : नाही भाऊ. पाणी फक्त उष्णता प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत नेतं. पुढे ती खोलीत सोडायला तिथेही फॅनच लागतात, आणि पंपाचा आवाज वेगळा. प्रोसेसर आय७-१४७०० के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा असेल तर विचार करा. मधल्या गटातला असेल तर दोन फॅनचा टॉवर कूलर घ्या, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० बघा. टॉवर कूलरचा फॅन गेला तर अमरावतीहून कुठलाही १२० मिलिमीटरचा आणून तासाभरात बदलता येतो. पंप गेला तर अख्खं युनिट काढून पाठवावं लागतं, आणि तोवर मशीन बंद. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डच जास्त ओरडतं, त्यामुळे कार्ड घेताना दोनऐवजी तीन फॅनचं, जाड हीटसिंकचं मिळतंय का ते बघा.